अवजड परवान्याची किंमत
मालमोटार शिकण्याचा खर्च पूर्वी पैशांत मोजला जात नसे. उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून काढलेल्या वर्षांतच तो भागे. आता हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जवळ असावा लागतो, त्यावर प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र. आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ साली गेली, हे बरेच झाले. शुल्काची मात्र उरली. गोव्यात २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा खनिजवाहू ट्रकांचे हप्ते अनेक घरांत थकले. त्याच घरातील मुलाने पुन्हा कर्ज काढून शिकावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे? ज्यांना तयार चालक हवा आहे, त्या वाहतूकदारांनीच हे शुल्क आधी भरावे आणि पगारातून बिनव्याजी वळते करून घ्यावे.