घरचा कुत्रा खोकू लागला तर...

रात्रीचे अडीच वाजलेले. सगळं घर गाढ झोपेत. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पोत्यावर निजलेला मोती एकाएकी उठून बसतो, मान लांब करतो नि खोकू लागतो. शेवटी उलटी आल्यासारखा आवाज, तोंडाशी थोडासा फेस, की पुन्हा शांत. तुम्ही अंथरुणातूनच म्हणता, "घशात काहीतरी अडकलं असेल," आणि कूस बदलता.

मैत्रिणींनो, आमच्या मोतीच्या वेळी मी अशी तीन आठवडे कूस बदलली. अकरा वर्षांचा पॉमेरियन तो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हवा बदलली की होतंच." मलाही ते पटलं. लेकीच्या खोकल्याच्या औषधातलं उरलेलं चमचाभर मी त्याला पाजलंसुद्धा! शेवटी जिना चढताना तो मधल्याच पायरीवर बसला, तेव्हा कुठे उचलून डॉक्टरांकडे नेलं. छातीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं, फोटो काढायला लावला आणि म्हणाले, "ताई, हा खोकला घशाचा नाही. याच्या हृदयाची झडप गळतेय."

माझी चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे सांगते आहे.

खोकला कसा आहे, ते ऐका

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाताना आपण कुत्र्याला सांभाळणाऱ्यांकडे ठेवतो. परत आणल्यावर चार-आठ दिवसांत तो कोरडा, ठसक्यासारखा खोकू लागला, पण खातोय, खेळतोय, तर बहुधा तो 'केनेल कफ' असतो. जिथे बरेच कुत्रे एकत्र राहतात, तिथे तो एकाचा दुसऱ्याला लागतो. एरवी धडधाकट असलेला कुत्रा एक ते तीन आठवड्यांत यातून बरा होतो. मात्र तोवर त्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवा आणि त्याची पाण्याची भांडी वेगळी करा. लहान पिल्लाला किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला यातूनच न्यूमोनिया होऊ शकतो, तेव्हा त्यांच्या बाबतीत थांबू नका.

खोकल्याबरोबर ताप, डोळ्या-नाकातून घट्ट स्राव, जेवणावरची वासना गेलेली, उलट्या-जुलाब असं दिसलं, तर डिस्टेंपरची शंका घ्यावी. हा रोग पिल्लांचा काळ! पुढे तो मेंदूतही जातो आणि झटके येतात. लस हाच यावरचा खरा उपाय. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस टोचावी. पुढच्या मात्रा पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डॉक्टर सांगतील तशा द्यायच्या. 'घराबाहेर जातच नाही, मग कशाला?' असं म्हणू नका. आपल्या चपलांबरोबरही रोग घरात येतात.

पॉमेरियनसारख्या लहान कुत्र्यांची श्वासनलिका कधीकधी मऊ पडून दबते. पट्टा ओढला की, किंवा पाहुणे आल्याच्या आनंदात, बदक ओरडल्यासारखा खोकला येतो. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नको. छातीभोवती बसणारा पट्टा आणा आणि वजन वाढू देऊ नका. फोडणीचा ठसका, उदबत्ती, डासांची कॉइल, घरातल्यांची सिगरेट यांचाही त्याला त्रास होतो.

आणि म्हातारपणी, रात्री निजल्यावर येणारा खोकला? आमच्या मोतीचा तोच होता. तो लवकर तपासून घ्या.

तोंडात हात घालू नका!

कुत्रा गिळू शकत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा झालाय, असं दिसलं की आपल्याला वाटतं, हाड अडकलं. घाईघाईनं आपण त्याच्या तोंडात बोटं घालतो. पण रेबीज झालेला कुत्राही असाच दिसतो! लस चुकलेली असेल, किंवा मागे एखादा भटका कुत्रा चावून गेला असेल, तर मुलांना दूर करा, त्याला खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. लाळ जखमेला किंवा ओरखड्याला लागलीच, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं ती जागा पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. माणसाला एकदा लक्षणं दिसू लागली की मग फारसं काही हाती राहत नाही.

आपला औषधाचा डबा बंदच बरा

मुलांना चालतं ते कुत्र्याला चालतंच असं नाही. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला आणि रक्ताला बाधतं. बिनसाखरेच्या काही औषधांत झायलिटॉल असतं, त्यानं त्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. आपल्या घरगुती काढ्यात आपण मनुका घालतो ना? मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. कांदा-लसणाच्या रसानं रक्त कमी होतं. तेव्हा काढा आपल्यापुरताच ठेवा!

कोरड्या खोकल्याला एवढंच करा: न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ होऊ द्या आणि दहा मिनिटं त्याला घेऊन तिथे बसा. पाण्याची बादली त्याच्यापासून लांब हवी.

श्वास मोजा

डॉक्टरांनी मला शिकवलेली ही गोष्ट प्रत्येकीला यायला हवी. कुत्रा गाढ झोपला की घड्याळ घेऊन बसा. छाती वर-खाली झाली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. रोज त्याहून जास्त भरू लागला तर दवाखाना गाठा. खोकल्याची उबळ आली की मोबाइलवर तिचं चित्रण करून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर हे लबाड हटकून खोकत नाहीत!

हिरड्या निळसर किंवा पांढऱ्याफटक दिसल्या, कोपरं फाकवून, मान ताणून बसू लागला, रक्त पडलं किंवा चक्कर आली, तर मात्र सकाळची वाट पाहू नका.

मोतीला लघवीची आणि हृदयाची गोळी सुरू झाली. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज एक आकडा पडू लागला: २४, २६, २३. असे दीड वर्षाचे आकडे आहेत माझ्याकडे. ते तीन आठवडे मी वाया घालवले नसते, तर कदाचित आणखी काही पानं भरली असती.

आज रात्री तुमचा मोती झोपला की बसा जरा त्याच्याजवळ. अर्धाच मिनिट लागतो.