पाणी कुठेतरी मुरतंय

मत कसं बनतं : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण जातीचा आणि घराण्याचा विचार केला. आज कुजबुज आणि घोटाळा. त्यासाठी मी १९८९ची लोकसभा निवडणूक निवडली आहे, कारण त्या एकाच निवडणुकीत एक आरोप लोकांना पटला आणि दुसरा पटला नाही.

१६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडनच्या रेडिओने बातमी दिली, की बोफोर्स कंपनीने भारताचं तोफांचं कंत्राट लाच देऊन मिळवलं. कंत्राट मार्च १९८६चं, १,४३७ कोटी रुपयांचं. जूनमध्ये स्वीडनच्या लेखापरीक्षण विभागानेही पैसे दिले गेल्याला दुजोरा दिला. ते कोणाला पोचले, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. स्विस खाती आणि मध्यस्थ कंपन्या हा गुंता सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याच्या लक्षात राहिला तो लाचेचा ‘६४ कोटी’ हा आकडा.

मतदाराकडे पुरावा नसतो, म्हणून तो आरोप झालेल्या माणसाच्या वागण्याकडे बघतो. ऑगस्ट १९८७मध्ये पंतप्रधान राजीव गांधींनी लोकसभेत सांगितलं, की आपण किंवा आपल्या कुटुंबीयांनी पैसे घेतलेले नाहीत. संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, पण बहुतेक विरोधकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. तिने सरकारला निर्दोष ठरवलं तेव्हा ते कोणाला पटलं नाही. १९८८मध्ये सरकारने बदनामीविरोधी विधेयक आणलं आणि पत्रकार रस्त्यावर उतरल्यावर मागे घेतलं. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. लपवण्यासारखं काही नसेल तर वर्तमानपत्रांची तोंडं कशाला बंद करायची? हा प्रश्न कुणालाही सुचतो, त्यासाठी स्विस बँकेचं ज्ञान लागत नाही. ‘पाणी कुठेतरी मुरतंय’ असं आपण म्हणतो ते अशाच वेळी.

आता दुसरा आरोप. १९८९मध्येच विरोधकांचे नेते विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मुलाचं सेंट किट्स बेटावरच्या बँकेत दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेचं खातं असल्याची कागदपत्रं पुढे आली. ती बनावट होती. पण बनावट आहेत हे नीट सिद्ध होण्याआधीच लोकांनी ती बाजूला सारली. मंत्रिपद सोडलेला आणि १९८८च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत मोटारसायकलवरून प्रचार करणारा माणूस त्यांनी पाहिला होता. कोट्यवधी डॉलरचं खातं त्या चित्रात बसेना. मनात आधीपासून असलेल्या चित्राशी जुळली, तरच अफवा तिथे घर करते.

मग बोफोर्समुळे काँग्रेस हरली का? १९८४मध्ये चारशेच्या वर जागा मिळवणारा पक्ष १९७वर आला, हे खरं. उत्तर प्रदेशात तर ८५पैकी १५ जागा उरल्या. पण त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशात काँग्रेसने ४२पैकी ३९ आणि कर्नाटकात २८पैकी २७ जागा जिंकल्या. बोफोर्सच्या बातम्या हैदराबादेतही पोचल्या होत्या, आणि या प्रकरणाचा सर्वाधिक पाठपुरावा करणारं ‘द हिंदू’ तर दक्षिणेतलंच. तिथे राग होता तो राज्यात सत्ता भोगलेल्यांवर, आंध्रात एन. टी. रामाराव आणि कर्नाटकात जनता दलावर. महाराष्ट्र मधोमध राहिला : ४३वरून २८. घोटाळा नवा राग क्वचितच निर्माण करतो. असलेल्या रागाला तो नाव देतो, चौकात उघडपणे बोलता येईल असा विषय देतो.

न्यायालयाचं घड्याळ मात्र वेगळं चालतं. राजीव गांधींची हत्या १९९१मध्ये झाली. त्यांच्यावरचा लाचखोरीचा आरोप दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला फेब्रुवारी २००४मध्ये. मतदान होऊन तेव्हा चौदा वर्षं उलटली होती. मला याचं वाईट वाटतं, पण मतदाराला दोष देववत नाही. त्याला त्या दिवशी हाताशी होतं तेवढ्यावरच ठरवायचं होतं.

आपल्याकडचं एक उदाहरण याच १९८९चं आहे. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर जानेवारी १९८२मध्ये बॅ. अ. र. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं होतं. सात वर्षांनी, बोफोर्सच्या त्याच गदारोळात, काँग्रेसच्याच तिकिटावर कोकणातल्या कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं. सिमेंटचं प्रकरण त्या मतदारांना ठाऊक होतं. निराधार योजनेचे पैसे कोणाच्या काळात सुरू झाले, हेही ठाऊक होतं. त्या दोन गोष्टींचा हिशेब कोकणात कसा मांडला गेला, ते पुढच्या आठवड्यात पाहू.