चाळीस फुटांवरची तांबडी

पावसाळ्यात ज्या मुलखावर आभाळ फाटल्यागत बरसते, त्याच शहापूर-मुरबाडकडच्या बायाबापड्यांना वैशाखात हंडाभर पाण्यासाठी मैलभर तंगडतोड करावी लागते, ही विसंगती मनाला सदैव सलत असल्यामुळे, नाणेघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या वैशाखरे गावी विहिरीचे खोदकाम चालू असल्याचे कळताच मी तेथे गेलो.

सुरुंग उडत होते, यारी डबर उपसून टाकीत होती. काठावर बसलेला एक वृद्ध कामगार मात्र वर आलेला दगड उचली, त्यावर पाणी शिंपडी आणि नाकाशी धरी.

"काळ्या कातळात पाणी नाही, साहेब. मांजऱ्या लागला तर आशा. अन् चाळीस फुटांवर तांबडी लागंल, तिच्या डोक्यावर पाणी शोधायचं."

त्याची ही त्रिविध वर्गवारी म्हणजे भूशास्त्राचे अस्सल दप्तरच होय. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्रोतावरून भारतीय भूपट्ट सरकत असताना लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले. प्रत्येक लोटाचा गाभा घट्ट काळा कातळ झाला, माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकून पुढे त्यांत पांढऱ्या गारा भरल्या, तो मांजऱ्या. आणि दोन उद्रेकांमध्ये दीर्घ खंड पडला तेथे माथा कुजून माती झाली, ती पुढच्या लोटाने भाजून काढली, तीच तांबडी. ही चिकट तांबडी पाणी सहसा खाली झिरपू देत नाही.

पृथ्वीची ही संचयवृत्ती विलक्षण खरी, परंतु नाणेघाटाच्या या अजस्र भिंतीने दगड साठविला, पाणी नाही.

दुपारी यारीच्या डोलात विटकरी ढेकळे आली, भाजक्या मडक्यावर पाणी पडावे तसा वास दरवळला, आणि खाली कातळाच्या भेगेतून ओलीची बारीक रेघ उतरू लागली. "चाळीस फूट," म्हातारा एवढेच म्हणाला.

सरकारदरबारी विहीर मंजूर करताना सातबाऱ्याचा उतारा तपासला जातो, तसा हा खडकाचा उताराही आधी तपासावा, आणि त्या पाहणीत अशा जाणत्या कामगाराला मानाने बोलवावे, ही माझी संबंधित अंमलदारांना कळकळीची विनंती आहे.