नट जेवायला बसतो तेव्हा

भोसरीत सिनेमातला माणूस आधी फ्लेक्सवर येतो, मग प्रत्यक्ष. वर 'आपल्या भोसरीत प्रथमच' अशी ओळ, खाली अभिनेत्रीचा फोटो, त्याहून जरा मोठा आयोजकांचा फोटो आणि कडेने शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची माळ. दहीहंडी असो, सराफाचं नवं दालन असो की नाशिक रस्त्यावरचं फॅमिली गार्डन रेस्टॉरंट, कोण येणार आणि किती वाजता येणार हे आठवडाभर आधी सगळ्यांना पाठ झालेलं असतं. त्यामुळे 'तुमच्याकडे कुठल्या हॉटेलात सेलिब्रिटी दिसतात?' असं मुंबईच्या पाहुण्याने विचारलं की भोसरीकराची पंचाईत होते. येतात तर बरेच. पण हॉटेलात बसून, ताट पुढ्यात घेऊन, कुणाला न सांगता?

मुंबईत तरी असं दिसतं का, हे आधी पाहायला हवं. वांद्रे, खार, जुहूच्या रेस्टॉरंटबाहेर नट गाडीतून उतरतो, केस सारखे करतो, 'बस, बस' म्हणत आत जातो, ते रील आपण घरी बसून पाहतो आणि वाटतं, कुणाला तरी अवचित सापडला. त्यामागे रीतसर धंदा आहे. विरल भयानी, मानव मंगलानी, योगेन शहा ही या धंद्यातली ठळक नावं. कॅमेरा घेतलेली मुलं दुचाकीवर शहरभर फिरत असतात. खबर गाड्या लावणाऱ्या पोऱ्याकडून येते, दारावरच्या रखवालदाराकडून येते आणि पुष्कळदा खुद्द नटाच्या प्रसिद्धीवाल्यांकडूनच येते. सिनेमा लागायच्या पंधरवड्यात माणूस जास्त वेळा 'दिसतो' तो काही त्या दिवसांत भूक वाढते म्हणून नव्हे. दारात फोटो द्यायचा आणि आत निवांत जेवायचं, असा हा दोन्ही बाजूंना परवडणारा सौदा. तो मोडला की मात्र ठिणगी पडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट आपल्या घरात बसलेली असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले गेले. तिने ते उघडपणे मांडलं, पोलिसांनाही त्यात ओढलं आणि ओलांडू नये अशी एक रेघ असते, यावर चार दिवस देशभर चर्चा झाली.

भोसरी-चाकण पट्ट्यात हा सौदा वेगळा. इथे त्याला सुपारी म्हणतात. उद्घाटनाची सुपारी, हंडीची सुपारी, वाढदिवसाची सुपारी. गाडी दोन तास उशिरा येते. फीत कापली जाते, स्टेजवर 'कसे आहात भोसरीकर?' होतं, एखाद्या गाण्यावर चार पावलं पडतात आणि बाउन्सरांच्या कड्यातून पाहुणी पुन्हा गाडीत. गंमत अशी की ज्या हॉटेलचं उद्घाटन झालं तिथला घास तिच्या पोटात जातोच असं नाही. मालक काउंटरवरून बिर्याणीचं पार्सल ड्रायव्हरच्या हाती देतो आणि तिने ते उघडलं असेल, या समाधानावर पुढची चार वर्षं काढतो. गल्ल्यामागे फोटो लागतो. त्या भिंतीवर कोण कोण असतं ते नीट पाहावं: विठ्ठल, शिवाजी महाराज, मालकाचे वडील, आमदार, ही अभिनेत्री आणि बऱ्याच ठिकाणी एक बैल.

बैल चेष्टेने लिहिलेला नाही. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यापासून या पट्ट्यात नामांकित बैलांची जी चलती आहे, तिच्यापुढे मालिकेतला नट फिका पडतो. त्यांची नावं लोकांना तोंडपाठ, त्यांची रील्स, शर्यतीच्या घाटात त्यांच्याबरोबर फोटो काढायला झुंबड. इथले आमदार महेश लांडगे स्वतः पैलवान. आणि खासदार तर थेट पडद्यावरचेच: भोसरी विधानसभा शिरूर लोकसभेत मोडते आणि २०१९ पासून तिथून निवडून येणारे डॉ. अमोल कोल्हे म्हणजे 'राजा शिवछत्रपती' मालिकेतले शिवाजी महाराज आणि 'स्वराज्यरक्षक संभाजी'मधले संभाजी महाराज. दुसऱ्या शहरात लोक नटाकडे सेल्फी मागतात; इथे मतदार नटाकडे नाशिक रस्त्यावरच्या कोंडीचं काय झालं ते विचारतो. माझ्या मते हा व्यवहार जास्त निकोप आहे.

मग अवचित भेट होते कुठे? तर नाटकाच्या रात्री.

भोसरीत महापालिकेचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटायला बारा वाजून जातात. सेट उतरवून टेम्पोत भरला जातो, कपड्यांच्या पेट्या बसच्या डिकीत जातात आणि वीसेक भुकेली माणसं जेवण शोधू लागतात. भरल्या पोटी अख्खा प्रयोग ओढवत नाही, म्हणून बहुतेक नट प्रयोगाआधी नावापुरतं खातात. खरं जेवण प्रयोगानंतर. त्या वेळी हॉटेल निवडायला वाव नसतो. ज्याची भट्टी विझलेली नाही ते हॉटेल. परमिट रूमच्या बाजूला शेवटची दोन टेबलं रेंगाळलेली असतात, फॅमिली सेक्शनमधले निम्मे दिवे मालवलेले असतात, खुर्च्या टेबलांवर उलट्या चढलेल्या असतात. त्यातल्या आठ-दहा पुन्हा खाली येतात. डाल तडका, जिरा राइस, तंदुरी रोटी. 'भाजी कुठली लवकर होईल?' हा एकच चिकित्सक प्रश्न.

अशा वेळी नट ओळखू येणं अवघड असतं, कारण तो स्वतःसारखा दिसत असतो. मेकअप कोल्ड क्रीमने पुसलेला असतो, तरी कानामागे आणि केसांच्या मुळाशी रंगाची एक कड राहून गेलेली असते. प्रयोगात मिशी लावली असेल तर वरच्या ओठावर स्पिरिट गमने लालसर पट्टा उठलेला. पडद्यावर उंच वाटलेला माणूस आपल्याच उंचीचा निघतो. ओळख पटते ती आवाजाने. 'पाणी साधं आणा हं' एवढं वाक्य कानावर पडतं आणि शेजारच्या टेबलावरचे काका मान वळवतात. रोज साडेआठला घरात घुमणारा आवाज तो. काका उठतात, जवळ येतात आणि नाव मात्र ओठांवर येत नाही. 'तुम्ही ते... ते नाही का... त्या मालिकेत तिचे सासरे!'

यात काकांचा दोष नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये, टीव्ही नुकता घरोघरी पोचत होता तेव्हा, हे लिहून ठेवलं आहे: पडद्यावरचा माणूस रोज ठरल्या वेळी घरात येतो, डोळ्यांत डोळे घालून बोलतो, म्हणून पाहणाऱ्याला तो आपल्या माहितीतला वाटू लागतो. त्याला मात्र आपण माहीत नसतो. ही एकतर्फी ओळख हॉटेलात समोरासमोर आली की घोटाळा होतो. सिनेमाच्या नटापुढे माणूस बुजतो, पण मालिकेतल्या नटाच्या सरळ खांद्यावर हात टाकतो. 'तुझ्यात जीव रंगला' सुरू असताना हार्दिक जोशीला लोक राणादाच म्हणत. सासऱ्याचं काम करणाऱ्याला मग सुनेशी जरा नीट वागण्याचा सल्ला मिळाला तर नवल काय.

आपल्याकडे जेवत्या माणसाला नमस्कार करू नये, अशी जुनी रीत आहे. घरात आजोबा जेवत असतील तर पाया पडायला आलेला जावईसुद्धा थांबतो. सेल्फीला ही रीत कुणी शिकवलेली नाही. आणि एक सेल्फी कधी एक नसते. काकांची झाली की काकू, मग व्हिडिओ कॉलवर जागी केलेली मुलगी, मग परमिट रूममधून डुलत आलेला कुणी 'भाऊ, आपण तुमचे डाय-हार्ड' म्हणणारा. तोवर रोटी चामट होते. ज्या हातांना हॉटेलात मोबाइल आवरत नाहीत त्यांना ते नाट्यगृहातही आवरत नाहीत, हा नाटकवाल्यांचा जुना सल आहे. २०१९ मध्ये नाशिकला सुमीत राघवनने वाजणाऱ्या मोबाइलांना वैतागून प्रयोग मध्येच थांबवला होता. नाटकाचं नाव होतं 'नॉक नॉक सेलिब्रिटी'!

या सगळ्यात नटाला वाचवतो तो वेटर. एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या हॉटेलांत वाढणारी पोरं नेपाळची, ओडिशाची, बंगाल-झारखंडची. मराठी मालिका त्यांनी पाहिलेली नसते. त्यांच्या लेखी हे बारा नंबरचं टेबल, रात्री उशिरा आलेलं आणि अजून काही मागवणारं. म्हणून ते गरम रोटी वेळेवर आणून टाकतात आणि 'साहब, किचन बंद हो रहा है, लास्ट ऑर्डर' असंही बिनधास्त सांगतात. हेच उद्या एखादा भोजपुरी स्टार येऊन बसला, तर भटारखाना ओस पडेल आणि आपले काका शांतपणे बडीशेप चघळत बसतील. प्रसिद्धीलाही पोलीस ठाण्यासारखी हद्द असते आणि भोसरीच्या एका हॉलमध्ये अशा चार-पाच हद्दी एकमेकींना खेटून जेवत असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या डॉली चायवाल्याने हैदराबादेत बिल गेट्सना चहा पाजला, तो व्हिडिओ जगभर गेला. समोरचा माणूस कोण हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं डॉलीने नंतर सांगितलं. चहा त्याने नेहमीच्याच थाटात दिला. आणि आज लोक फोटो काढायला जातात ते डॉलीच्या टपरीवर. धाराशिवकडच्या हॉटेल भाग्यश्रीचंही तेच झालं. रील्समुळे मालकच तारा झाला, मग पाहुण्या अभिनेत्रीची गरज काय?

नटांची म्हणून एखादी ठरलेली बैठक भोसरीत का तयार झाली नाही, याचं उत्तर न्यूयॉर्कच्या सार्डीज या रेस्टॉरंटकडे पाहिलं की मिळतं. ब्रॉडवेच्या नाट्यगृहांना लागून असलेल्या या जागेत भिंतभर नटांची अर्कचित्रं लावलेली आहेत आणि पहिला प्रयोग झाला की सकाळच्या पेपरातल्या परीक्षणाची वाट पाहत कलाकार तिथे बसून राहत. दादरला शिवाजी मंदिर आणि शिवाजी पार्कच्या आसपास, पुण्यात १९३५ पासून चालत आलेल्या डेक्कनच्या गुडलकमध्ये असंच काही घडलं. प्रभातच्या दिवसांतले देव आनंद आणि गुरुदत्त गुडलकच्या टेबलाशी जोडणाऱ्या आठवणी पुणेकर अजून सांगतात. अशी बैठक जमायला नाटक किंवा स्टुडिओ चालत जाण्याच्या अंतरावर आणि रोजचा लागतो. रात्री उशिरापर्यंत भट्टी चालू लागते. आणि गल्ल्यावर असा मालक लागतो जो नटाला ओळखतो पण ओळख दाखवत नाही, उलट सेल्फीवाल्याला 'साहेब जेवतायत, बसा तुम्ही' म्हणून परत पाठवतो. भोसरीत पहिली अट अधूनमधून पुरी होते, दुसरी नशिबावर, आणि तिसरी पुरी व्हायला मालकाला भिंतीवरच्या फोटोचा मोह सोडावा लागेल. जानेवारी २०२४ मध्ये जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली शंभरावं नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरलं, तेव्हा नटमंडळी शहरभर होती. संमेलन उठलं, बसगाड्या मुंबईला गेल्या.

ज्याला नट भेटायचाच आहे त्याने हॉटेलांच्या मागे लागू नये. पेपरातली नाटकांची जाहिरात पाहावी, लांडगे नाट्यगृहाचं तिकीट काढावं, मध्यंतरात बटाटेवडा खावा आणि पडदा पडल्यावर विंगेच्या बाजूच्या दाराने रंगपटात जावं. मराठी नाटकात ही मुभा अजून आहे. तिथे बाउन्सर नसतो, सुपारी नसते, नट उभा असतो, घामेजलेला, आणि 'कसं वाटलं?' हे तो विचारतो, आपण नाही. फोटोही तिथेच उरकून घ्यावा. बारा वाजून गेलेले असतात, टेम्पो भरत आलेला असतो आणि नाशिक फाट्याकडच्या एखाद्या हॉटेलात शेवटची ऑर्डर घ्यायला वेटर घड्याळ बघत उभा असतो.