जुन्या दिल्लीच्या वस्त्या : चांदणी चौकातील अन्न आणि अंमल

(लेखांक सहावा)

गेल्या लेखांकी आपण लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापाशी थांबलो होतो. तेथून पश्चिमेस फत्तेपुरी मशिदीपर्यंत जाणारा जो राजरस्ता शाहजहानची कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास योजला, आणि ज्याच्या मधोमध एके काळी कालव्याचे पाणी खेळत होते, त्या चांदणी चौकाची दिल्ली बहुतेक मराठी वाचकांना एकाच प्रसंगाने ठाऊक असते : १७६० साली सदाशिवरावभाऊंनी किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडली. परंतु मराठ्यांचा या शहरावरील खरा अंमल त्यानंतरचा. १७८४ साली महादजी शिंद्यांनी शाहआलम बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकीची सनद मिळविली, तेव्हापासून १८०३ च्या सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणी मोडीपर्यंत, मधला अल्प व्यत्यय सोडल्यास, दिल्लीचा कारभार शिंद्यांच्याच तंत्राने चालला.

मराठ्यांच्या खुणा शोधू गेल्यास किल्ल्यासमोर, जैनांच्या लाल मंदिराच्या शेजारी गौरीशंकराचे देवालय लागते. आपा गंगाधर नामक मराठी सरदाराने ते १७६१ साली बांधविले, असे मानतात. दुसरी खूण मिठाईची. घंटेवाल्यांचे प्रसिद्ध दुकान १७९० साली, म्हणजे शिंद्यांच्याच अमदानीत निघाले, आणि त्यानंतर हुकमती बदलल्या तरी २०१५ पर्यंत ते अखंड चालले. अलीकडे ते पुन्हा उघडले आहे. मला यात या शहराचे मर्म दिसते. दिल्लीचे अन्न तख्ताच्या आश्रयाने वाढले खरे, पण टिकले ते गल्लीगल्लीतील जातीजमातींच्या आचारावर आणि ऋतूंच्या शिस्तीवर.

पराठेवाल्या गल्लीतच पाहा. कांदालसूण वर्ज्य मानणाऱ्या गिऱ्हाइकांच्या या बाजारपेठेत पराठा तव्यावर भाजत नाहीत, कढईत तुपात तळतात, आणि सोबत लाल भोपळ्याची भाजी व केळ्याचे काप घातलेली चिंचेची आंबटगोड चटणी देतात. तेथून फत्तेपुरीमागच्या खारी बावलीत शिरावे, तर मिरचीच्या पोत्यांनी घशाला ठसका लागतो आणि पाठीवर ओझे घेतलेल्या पल्लेदारांना वाट देताना भिंतीला टेकून उभे राहावे लागते.

पण मला सर्वाधिक ओढ आहे ती ‘दौलत की चाट’ची. ही चाट तिखटही नव्हे आणि आंबटही नव्हे, आणि हिवाळा सरला की ती बाजारातून नाहीशी होते. दूध आणि मलई रात्री उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे ती रवीने घुसळतात, आणि वर येणारा फेस हलक्या हाताने काढून परातीत रचीत जातात. त्यावर केशराचा पिवळा रंग, खवा, पिस्त्याचे काप आणि बुऱ्याची साखर. ऊन चढले की फेस बसू लागतो, म्हणून किनारी बाजारातला फेरीवाला सकाळी लवकर येतो. त्याची वेळ आपण सांभाळायची, तो आपली सांभाळणार नाही.

जामा मशिदीच्या अंगाला मात्र वेळ आणखी कडक. रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी फजरच्या नमाजानंतर विकली जाते, आणि काही ठिकाणी आदल्या दिवशीचा थोडा रस्सा नव्या देगेत मिसळण्याचा रिवाज आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ला आणि मशिदीच्या भोवतालची वस्ती जमीनदोस्त केली, बादशाही मुदपाकखाना बंद पडला, आणि त्यातले आचारी पोटासाठी गल्ल्यांत उतरले. १९१३ साली मशिदीनजीक करीम हॉटेल उघडणाऱ्या घराण्याचीही परंपरा हीच आहे. ज्या पाककृती बादशहाच्या दस्तरखानाशिवाय कोणाला ठाऊक नव्हत्या, त्या अशा रीतीने एका पडझडीमुळे साधारण माणसाच्या पानात आल्या.

पुढील लेखांकी दर्यागंजात जाऊ, आणि फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीच्या जेवणात काय घातले ते पाहू.