जकातीचा हिशेब आणि ‘हलाल’ नफ्याची जाहिरात

कुराणातली सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. दुसऱ्या सूरेतली ही २८२वी आयत बजावते, की मुदतीचे कर्ज घेतले-दिले तर ते लिहून ठेवा, मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, साक्षीदार असू द्या आणि रक्कम लहान आहे म्हणून लिहायचा कंटाळा करू नका. धर्माप्रमाणे पैशाचा व्यवहार करू पाहणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला याहून स्पष्ट सूचना कोणती हवी? तरीही हातात वही न घेता केवळ भरवशावर चालण्याची सवय मोडत नाही, आणि तिची किंमत गरीब घरे मोजतात.

सुरुवात जकातीपासून, म्हणजे संपत्तीतून दरवर्षी द्यायच्या सक्तीच्या दानापासून करू. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, हे घरोघरी पाठ असते. पण हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. आज सराफाकडचा तोळा दहा ग्रॅमचा. म्हणजे निसाब ८७.४८ ग्रॅम सोन्याचा, आजच्या पावणेनऊ तोळ्यांचा. चांदीचा ६१२.३६ ग्रॅमचा. दोन्हींच्या किमतीत आता प्रचंड अंतर पडले आहे. नुसते सोने असेल तर सोन्याची मर्यादा बघतात. पण सोन्याबरोबर रोकड किंवा विक्रीचा माल असेल तर हनफी पंथाचे उलेमा साधारणपणे चांदीची मर्यादा लावतात, आणि मग चार-पाच तोळे सोने व थोडी शिल्लक असलेल्या बाईवरही जकात येते.

‘बाईवरही’ असे मुद्दाम लिहिले. दागिने जिच्या मालकीचे, जकात तिच्यावर. नवऱ्याने तिच्या वतीने भरली तर उत्तमच, पण हिशेब तिचा वेगळा. समजा, मुंब्र्यातल्या एका हनफी बाईचे कपड्यांचे छोटे दुकान आहे. अंगावरच्या सोन्याचे मोल सहा लाख, बँकेत दोन लाख, दुकानात दोन लाखांचा माल. राहते घर, स्कूटर, दुकानातली कपाटे आणि शिलाई मशीन यांवर जकात नाही. एकूण दहा लाख, त्यावर अडीच टक्क्यांनी पंचवीस हजार रुपये. त्याच इमारतीत राहणारी तिची शेजारीण रत्नागिरीकडची कोकणी असेल, तर ती बहुधा शाफई पंथाची. शाफई मताप्रमाणे नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. बाकी सगळे तेवढेच असेल तर तिची जकात चार लाखांवर, दहा हजार रुपये. दोघीही बरोबर आहेत. देणी वजा करावीत की नाही, यावरही असेच मतभेद आहेत. म्हणून शेजारणीचा आकडा उतरवून चालत नाही, आपल्या मसलकच्या (पंथाच्या) जाणत्याला विचारावे लागते. आणखी एक बारकावा. जकातीचे वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. रमजान ते रमजान हिशेब करणाऱ्याचे अडीच टक्के बरोबर. पण ३१ मार्चचा ताळेबंद धरणाऱ्या व्यापाऱ्याने दर सुमारे २.५८ टक्के धरायला हवा, नाहीतर अकरा दिवस सुटतात.

व्याजाचे प्रकरण अधिक अवघड. बचत खात्यात व्याज न मागता जमा होते. बहुतेक उलेमा सांगतात, की ते बँकेत सोडू नका. काढून गरजूंना द्या, पण त्यात पुण्याची अपेक्षा ठेवू नका आणि ते जकातीत धरू नका. घर घ्यायचे तर मात्र वाट जवळपास बंद आहे. बिनव्याजी पद्धतीत बँक घर स्वतः विकत घेऊन नफ्याने हप्त्यांवर विकते. आपला १९४९ चा बँकिंग नियमन कायदा बँकांना मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, आणि घर दोनदा विकले की मुद्रांक शुल्कही दोनदा. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले होते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये लहान बिनव्याजी कर्जे देऊन पाहिली, पण असे प्रयत्न तुरळकच. माझ्या मते ही उणीव सरकारने फार हलक्यात घेतली.

शेअर बाजारात वाट आहे. निफ्टी ५० शरीया निर्देशांक आणि टाटा एथिकल फंडासारख्या योजना बँका, दारू, तंबाखू आणि फार कर्ज असलेल्या कंपन्या वगळतात. उरतात मुख्यतः आयटी, औषधे, ग्राहकोपयोगी वस्तू. बँकांचे शेअर उसळतात त्या वर्षी हे फंड मागे पडू शकतात, हे आधीच समजून घ्यावे.

आता सर्वांत दुखरा भाग. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावाखाली दरमहा परतावा देऊ केला. जून २०१९ मध्ये ती कोसळली तेव्हा हजारो गुंतवणूकदार, त्यात बहुसंख्य साध्या मुस्लिम कुटुंबांतले, रस्त्यावर आले. लेकीच्या लग्नासाठी जमवलेले, निवृत्तीचे पैसे गेले. व्याज नको म्हणून बँकेतून काढलेली रक्कम लुटारूंच्या हाती पडावी, याची चीड येते.

या फसवणुकीवरचा उतारा धर्माच्या नियमातच होता. भागीदारीत नफा आधी ठरवता येत नाही, फक्त वाटणीचे प्रमाण ठरते. तोटा झाला तर तो भांडवल घालणाऱ्यालाही सोसावा लागतो. त्यामुळे ‘लाखाला महिन्याला अमुक हजार, नक्की’ असे कोणी म्हणाला, की ते एकतर व्याज आहे किंवा लबाडी. त्याच्या दाढीकडे, कार्यालयातल्या आयतीच्या चौकटीकडे किंवा कोण्या मौलानाच्या शिफारशीकडे पाहून हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: तोटा झाला तर तो कोण सोसणार, आणि सेबीकडची नोंदणी कुठे आहे? उत्तर टाळले गेले तर उठून घरी या. आणि येत्या रमजानआधी घरातल्या बायकांसकट सगळ्यांचा हिशेब एका वहीत लिहून काढा.