वीतभर अंतराचा नियम

एक फुटपट्टी घ्या. मायनस नंबरचा चष्मा असेल तर तो काढून ठेवा, एक डोळा झाका आणि हे पान नाकाजवळ धरून हळूहळू लांब न्या. अक्षरं पुसट व्हायला लागली की थांबा. डोळ्यापासूनचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा आणि १०० ला त्या आकड्याने भागा. अंतर २५ आलं तर उत्तर ४. थोड्याफार फरकाने हाच तुमचा नंबर! दुकानातल्या यंत्रावर निघणारा आकडा घरच्या फुटपट्टीवरही उतरतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आता आरोग्य विम्याची पॉलिसी काढा आणि बारीक अक्षरांत साडेसात हा आकडा शोधा. विमा नियामकाने २०१९ साली वगळायच्या खर्चांची जी ठरावीक भाषा घालून दिली, तिच्यात ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचे उपचार येतात. फुटपट्टीवर ७.५ म्हणजे जेमतेम १३ सेंटीमीटर. ज्याला १४ सेंटीमीटरपलीकडचं सगळं धूसर दिसतं, वीतभर अंतरावरचा चेहराही स्पष्ट दिसत नाही, त्याचा लेसर शस्त्रक्रियेचा क्लेम या कलमावर नाकारता येतो. चष्म्याचे पैसे तर बहुतेक पॉलिसींत कुठल्याच नंबरला मिळत नाहीत. मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवलेल्या भिंगाचे मिळतात. म्हणजे भिंग बुबुळामागे गेलं तर क्लेम, दोन बोटं पुढे नाकावर बसलं तर खिशातून खर्च.

असं का? विमा चालतो तो पुष्कळांनी हप्ते भरायचे आणि थोड्यांवर संकट यायचं या हिशेबावर. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मात्र वयाबरोबर प्रत्येकाचंच ताठर होत जातं. दहा वर्षांचं मूल सात-आठ सेंटीमीटरवरची मुंगी न्याहाळू शकतं; चाळिशी लागली की त्याच माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही. जे सगळ्यांनाच होणार, त्याचा विमा काढला तर हप्ता म्हणजे चष्म्याची किंमत अधिक कंपनीचा खर्च.

अमेरिकेत डोळ्यांचा वेगळा विमा असतो. तिथल्या मोठ्या योजनांपैकी व्हीएसपी १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या दृष्टितपासनिसांनीच सुरू केली. अशा योजना बहुधा ठरावीक रकमेपर्यंतच फ्रेमचे पैसे देतात, वरचे आपण भरायचे. आयमेड नावाची दुसरी योजना ज्या एसिलोरलक्सोटिकाची, तिचेच रे-बॅन आणि ओकले, तिच्याच व्हॅरिलक्स काचा आणि लेन्सक्राफ्टर्स ही दुकानंही तिचीच. काच बनवणारा, फ्रेम विकणारा आणि विमा देणारा एकच असेल, तर किंमत उतरवायची घाई कोणाला असेल? वृद्धांसाठीचा तिथला सरकारी मेडिकेअर विमा मूळ योजनेत रोजच्या चष्म्याचे पैसे देत नाही. मोतीबिंदू काढून भिंग बसवल्यावर मात्र एका चष्म्याला हातभार लावतो.

आणि ही वस्तू असते तरी काय? चष्म्यांच्या प्लास्टिकच्या काचांसाठी सर्रास वापरलं जाणारं सीआर-३९ हे १९४० च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेलं राळेसारखं रसायन. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बर विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरलं गेलं. त्याच्या चकतीच्या दोन्ही बाजूंच्या गोलाईत जो फरक ठेवायचा, तोच मुख्यतः नंबर. किंमत फुगते ती नावाजलेल्या फ्रेमने, वरच्या लेपांनी आणि दुकानाच्या भाड्याने. म्हणून मला वाटतं, चष्म्याची जागा विम्याच्या कलमांत नाहीच. ती शाळेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि कामाच्या ठिकाणी आहे.

आसामच्या चहामळ्यात हे करून पाहिलं गेलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचं दिसण्याचे साधे चष्मे फुकट दिले. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानं खुडण्याची उत्पादकता सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. प्रयोग संपल्यावर उरलेल्यांनाही चष्मे मिळाले.